आपसूक रांग

"काचेला हात लावला नाहीस, हे शपथेवर सांगशील?" तिचे पीएचडीचे मार्गदर्शक डॉ. गुप्ते यांनी विचारलं.

"सर, गळ्याशपथ," रेजिना म्हणाली.

तेवढ्यात तिचे वडील फर्डिनंड पाणी घेऊन आले. खांद्यावरच्या रुमालाने त्यांनी पेला वरून खाली एकदाच पुसला आणि पाहुण्यांपुढे धरला.

"ही बाबांची सवय, सर," रेजिना कसनुसं हसली. "गुड फ्रायडेला चर्चमध्ये लोक क्रूसाचं चुंबन घेतात ना, प्रत्येकामागून तो क्रूस बाबाच पुसतात."

सरांना हसू आलं नाही. ते मुंबईहून माणिकपूरला पाहुणचाराला आलेच नव्हते.

भांडण द्रवस्फटिकाचं होतं. हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे रेणू एका दिशेने रांगेत उभे राहू शकतात. त्यांना उभं करायला काच आधी मखमलीने एकाच दिशेने घासावी लागते. रेजिनाच्या नव्या पदार्थाला त्याची गरजच नव्हती! रेणू रांगेत आहेत असं अवरक्त किरणांचा वर्णपट म्हणत होता, आणि ते किती शिस्तीत आहेत हा संगणकाने काढलेला आकडाही जुळत होता. पण रांगेला दिशा कुणी दिली, हे काही गणित सांगत नव्हतं. सरांनी मुंबईत भरलेल्या काचांत नुसता गोंधळ होई. रेजिना घरून धुऊन आणी त्याच काचा शहाण्यासारख्या वागत. ती चोरून घासते, असा विभागात बोभाटा झाला होता. आज फसलं तर पीएचडी गेली आणि नावही गेलं.

सरांनी सोबत आणलेल्या कोऱ्या काचा स्वतः धुतल्या आणि मागच्या खोलीत निथळत ठेवल्या.

"पापलेट निवतंय, सर," बाबा म्हणाले.

जेवताना सरांनी रेजिनाला क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही. बाबा वाढून आत गेले आणि थोड्या वेळाने वाडीची वेलची केळी घेऊन आले.

जेवण होताच सरांनी त्यातल्या दोन काचांमध्ये रेजिनाच्या पदार्थाचा थेंब भरला. प्रकाश गाळणाऱ्या पोलरॉइडच्या दोन काळ्या चकत्यांमध्ये धरून ते काचा हळूहळू फिरवू लागले. रेजिनाने डोळे मिटले. रांग नसेल, तर ठिपके आणि डाग दिसणार होते.

"रेजिना, बघ."

सगळी काच एकदम अंधारली, मग एकदम उजळली. कुठे डागाचं नाव नव्हतं. सरांनी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

"मला माफ कर," ते म्हणाले. "तुझा शोधनिबंध आजच माझ्या सहीने परदेशी धाडतो."

टांगा वळणाआड गेला तशी रेजिना बाबांच्या गळ्यात पडून रडली. "बाबा, सरांच्या काचेवरही रांग लागली! कुणाचा हात न लागता!"

बाबांनी रुमालाने तिचे डोळे पुसले.

"त्या साहेबांना काय कळतंय, बाय? काचा ओल्याच ठेवून जेवायला बसले. मीच पुसून ठेवल्या, तुझ्या रोज पुसतो तशा."