वीरगळ

गुरं पळवणाऱ्या टोळीमागे एकटाच धावलेला खेत्रोजी तीन वर्षं त्यांच्या कैदेत खितपत पडला. अखेर निसटला आणि लंगडत गावच्या वेशीवर पोचला. तिथं त्याचाच वीरगळ उभा होता, तो लढताना मेला असं समजून गावानं कोरून घेतलेला दगड. खाली तलवार उगारलेला खेत्रोजी, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा.

वेशीत उभ्या असलेल्या पाटलांनी त्याला ओळखलं, पण वाट सोडली नाही.

"तुझ्या नावानं इथली पोरं लढायला उभी राहतात रे. त्यांचा वीर कैद भोगून, लंगडत आला, हे त्यांना कसं सांगू? दुसरं गाव बघ, बाबा."

खेत्रोजीला ते पटलं. दगडातला तो वीर त्याच्यापेक्षा कितीतरी देखणा होता. तो माघारी वळला.

तेवढ्यात त्याची म्हातारी आई वीरगळासाठी नैवेद्य घेऊन आली. लेकाला पाहताच ती तिथंच, धुळीत बसली आणि ताट तिनं त्याच्यापुढं सरकवलं.

"काकू, नैवेद्य आहे तो!" पाटील कळवळले.

"तीन वर्षं रोज वाढतेय त्या दगडाला. एक घास खाल्ला नाही त्यानं," म्हातारी म्हणाली. "खेत्या, बस. जेव आधी."

पाटील बाजूला झाले.