येते हं

“आई, दाराशी उभं राहून फोनला फक्त ‘मी जाते’ म्हण. दिवे, गीझर आपोआप बंद होतील आणि मला मेसेज येईल,” श्रीरंगने पुन्हा समजावलं. माझा पाय मोडल्यापासून तो मला एकटीला सोडत नव्हता. आज हा शॉर्टकट जमला, तरच मला रमीच्या अड्ड्यावर जायला मिळणार होतं.

मी पर्स काखोटीला मारली. “येते हं.”

फोन ढिम्म.

“जाते म्हण, आई!”

“येते.”

“एवढंही लक्षात राहत नाही तुझ्या? मग बस घरीच.”

लक्षात? अरे, घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये, हे ह्याला मीच शिकवलं होतं. जन्मात कधी उच्चारला नाही तो शब्द, आता एका डबड्यासाठी उच्चारू?

मी त्याच्या हातातून माझा फोन हिसकावला. तो शॉर्टकट बनवत असताना मी सगळं बघून ठेवलं होतं. ‘मी जाते’ खोडलं, तिथे माझा शब्द घातला आणि दारातून ठणकावलं, “येते!”

घरभरचे दिवे बंद झाले. श्रीरंगच्या खिशात मेसेज वाजला.

अंधारातच त्याने माझ्या चपला पुढे सरकवल्या.

“ये, आई.”