गाळलेलं पान

लोविसामावशींनी दोनदा कॉफीला बोलावलं, तरी अर्मास दाराजवळच्या बाकावरून उठला नाही. तिसऱ्या हाकेआधी पाहुण्याने टेबलाशी जायचं नाही, ही गावची रीतच. पण आज त्याला रीतीचं निमित्त बरं सापडलं, कारण टेबलावर कपांच्या शेजारी त्याने लिहिलेलं युद्धाचं पुस्तक होतं.

तिसरी हाक आलीच नाही.

"बासष्टाव्या पानावर माझा विल्हो मरतो," मावशी म्हणाल्या. "मरताना म्हणतो, फिनलंडसाठी. असं म्हणाला तो?"

खंदकात विल्होचं डोकं अर्मासच्याच मांडीवर होतं. पुढे त्याची शवपेटी गावच्या चर्चमागे पुरायला आली, ती खिळे ठोकूनच. मावशींना पोराचं तोंडही दिसलं नाही. त्याचं शेवटचं बोलणं ठाऊक असलेला माणूस जगात एकच, आणि त्यानेच ते छापताना बदलू दिलं होतं.

बिचाऱ्या अर्मासला प्रकाशकाने गोडीगुलाबीने गुंडाळलं होतं. देश आत्ता कुठे सावरतोय, पुस्तक शाळाशाळांत जाणार, तर वीराने वीरासारखं मरावं. आणि मुख्य म्हणजे, गेलेल्यांच्या आयांना काय वाटेल? या शेवटच्या प्रश्नापुढे अर्मासने मान तुकवली.

आता त्यातलीच एक आई उत्तराची वाट पाहत होती.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "प्रकाशकसाहेबांनी बदलायला लावलं. म्हणाले, गेलेल्यांच्या आयांना काय वाटेल?"

कोटाच्या आतल्या खिशातून त्याने लाल पेन्सिलीने काट मारलेलं एक पान काढलं. वर्षभर ते तो छातीशी घेऊन हिंडत होता. घसा खाकरून त्याने वाचलं, "'आईला सांगू नकोस, मी पुन्हा मोजे ओले केले. फार बोलेल ती.'"

मावशी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी एप्रन डोळ्यांना लावला, आणि बराच वेळ तो काढला नाही.

"गाढव," त्या अखेर म्हणाल्या. "डबकं दिसलं की पाय घातलाच म्हणून समज. हा खरा माझा विल्हो."

आज फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. रिवाजाप्रमाणे संध्याकाळी पेटवायच्या दोन मेणबत्त्या खिडकीत मांडलेल्या होत्या. मावशींनी त्यांच्यामध्ये विल्होचा फोटो ठेवला, फोटोमागे ते पान खोचलं आणि पुस्तक अर्मासच्या हातात दिलं.

"हे तुझ्या साहेबांना दे. म्हणावं, आईला काय वाटेल ते आईला विचारत जा."

अर्मास उठला. बूट त्याने दाराशीच काढले होते, तरी लाकडी जमिनीवर पावलांचे ओले ठसे उमटले. मावशींनी ते पाहिले.

"म्हणजे तूही तसलाच. बस खाली."

त्यांनी पेटीतून राखाडी लोकरी मोज्यांचा जोड काढला. विल्होला आघाडीवर धाडायला विणलेला, धाडायचा राहून गेलेला. अर्मासला तो दोन बोटं तोकडा होत होता. त्याने ओढून ओढून चढवला.

"अर्मास, कॉफी," मावशींनी तिसऱ्यांदा हाक मारली.