जाळीचे वण

"आई, तो गाल धू आधी!"

"तीनदा धुतला, मेल्या. ओरडू नकोस, सावा उठेल."

आमच्या वाडीतले दुखोबोर, म्हणजे रशियातून कॅनडात आलेल्या आमच्या पंथाची माणसं, पोरांना सरकारी शाळेत घालत नाहीत. म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी पहाटे धाड घातली आणि माझ्या बहिणीला, लुशाला नेलं. मी गवताच्या गंजीत लपलो, म्हणून सुटलो.

तिला तारेच्या जाळीमागे, शाळेत कोंडलंय. आमच्यात भेटल्यावर समोरच्या माणसातल्या देवाला वाकून त्याचा मुका घेतात. रविवारी भेटीला गेल्यावर आईने लुशाचा मुका जाळीतूनच घेतला, तेव्हा गालावर चौकोनी वण उठले. आज गुरुवार, तरी ते तसेच लालभडक आहेत.

"दुखतंय का?"

"नाही रे. नुसतं गार लागतं. लुशा अजून पलीकडून टेकून उभी असल्यासारखं."

"वेड लागलंय तुला!" मी चिडलो आणि पाळण्याशी गेलो. माझा भाऊ सावा महिन्याचा आहे. त्याला आम्ही अजून उंबऱ्याबाहेरही नेलेलं नाही.

तो झोपेत हसत होता. त्याच्या गालावर तेच चौकोन उठत होते, एकेक करून, माझ्या डोळ्यांदेखत.

खाली रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली. आईने त्याचा गाल पाहिला आणि सावाला माझ्या छातीशी बांधलं. मला आता त्याला घेऊन गंजीकडे निघायला हवं.