वातींचा कापूस
हौसरावांच्या नातीचं लग्न ठरलं त्या साली चाळिशीतल्या रविराजनं डॉक्टरांचा कागद वडिलांपुढं ठेवला. उतारवयात अक्षरं शिकलेल्या हौसरावांनी बोट फिरवत वाचलं. "ऑटिझम म्हंजी काय रं?" "माझी घडणच अशी हाय, आबा. जल्मापासून गलका सोसत न्हाई. आईला उमगलं व्हतं." हौसरावांची मान खाली गेली. थोरल्या लेकीच्या लग्नात कानपिळीला नवरदेवाचा कान पिळायचं सोडून रविराज मांडवाबाहेर पळाला होता. त्याच्या आईनं, कस्तुराबाईनं, कानांत घातलेले कापसाचे बोळे उपसून हौसरावांनी भावकीदेखत त्याच्या मुस्काटात मारली होती. "लई लागलं व्हतं का?" "मार न्हाई, आबा. बोळं काढल्यावर बँडचा आवाज लागला." हौसराव देवघरात गेले. वातींच्या कापसाचे दोन बोळे वळून त्यांनी लेकापुढं ठेवले. "लग्नात घालून बस." कापूस कस्तुराबाईनंच पिंजून ठेवला होता. कस्तुराबाई गेल्या पौषात वारली होती.