तबकडीचे पाय

असत्य ते असत्यच. परंतु वडिलांच्या धाकापोटी घडलेल्या असत्याचा न्याय अंमळ सावकाश करावा.

आजोबांचे घड्याळ नातवाच्या हातून पाण्यात पडले. यंत्र गंजले, आजोबांचे नाव लिहिलेली तबकडी तेवढी वाचली. ती आणि एक हुबेहूब नकली घड्याळ घेऊन तो घड्याळजीकडे आला.

“काका, ही यात बसवा. बाबांना कळलं तर माझी धडगत नाही.”

“यंत्र निराळं आहे. तबकडीच्या मागच्या खिळ्या, म्हणजे तिचे पाय, या भोकांत बसायचे नाहीत. कापून चिकटवावी लागेल.”

“कापा.”

घड्याळजीने तबकडी उलटी केली. पाय आधीच कापलेले होते. भोवती जुना गोंद होता.

“हे कोणी केलं?” नातवाने विचारले.

“मीच. तुझे बाबा म्हणाले होते, तुझ्या आजोबांना कळू देऊ नका.”

पितापुत्रांचे कल्याण असो, आणि या यंत्रास तरी दीर्घायुष्य लाभो.