आतलं पान

किंजलने कार्ड हातात दिलं आणि दीपालीच्या बोटांना तेव्हाच कळलं, हे पाकिटात जाणार नाही.

कागद सुरेख होता. जाड, किंचित खरखरीत, साईच्या रंगाचा. पाकीट त्याच रंगाचं, बरोबर कार्डाच्या मापाचं. किंजलने कार्ड पाकिटात सरकवून दाखवलं. ते गेलंही. पण हा नुसता कोरा नमुना होता. छापून आल्यावर आत कार्यक्रमपत्रिकेचं आणखी एक जाड पान चिकटवायचं होतं. ते चिकटलं की कार्ड फुगणार आणि पाकिटाच्या कडा उकलणार.

“कसं वाटतं, ताई? तुम्ही बघितलंत की मी निर्धास्त.”

“छान आहे,” दीपाली म्हणाली आणि कार्ड परत दिलं.

बोईसरच्या त्या छापखान्यात दीपाली लग्नाआधीपासून होती. माकुणसारहून रोज यायची. कुठल्या कामाला कुठला कागद, पाकीट केवढं, हे मालक रामनाथभाऊ तिलाच विचारायचे. सातपाटीची माणसं लग्नपत्रिका छापायला आली की आधी तिचं टेबल शोधायची. मग किंजल आली. डिझाइनचा कोर्स केलेली, हसरी, कुणाशीही दोन मिनिटांत ओळख काढणारी. बघता बघता लोक दारातूनच विचारायला लागले, “किंजल मॅडम आहेत का?” कागदाच्या नमुन्यांचं कपाटही तिच्या टेबलामागे गेलं. दीपाली वरवर हसायची आणि घरी जाऊन भांडी आपटायची.

आणि मग तारापूरच्या एका औषध कंपनीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकांचं काम आलं. एवढं मोठं काम छापखान्यात पहिल्यांदाच येत होतं. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, “यावेळी कागद आणि पाकीट किंजल ठरवेल.” त्या क्षणी दीपालीच्या पोटात जे पेटलं, ते काही केल्या विझलं नाही.

फार तर चार शब्द ऐकून घेईल, कार्ड परत देताना तिने स्वतःची समजूत घातली. जरा जमिनीवर येईल.

कार्डं छापून झाली, आतली पानं चिकटली. छापखान्यात कामाला असलेली येसूबाई पाकिटं भरायला बसली आणि थोड्याच वेळात तिची हाक आली, “भाऊ, जरा या हिकडं. हे जात नाय आत. जोर लावला का फाटतंय.”

भाऊंनी स्वतः एक भरून बघितलं. टर्रकन कड उकलली. दुसरं घेतलं, तेही फाटलं. संध्याकाळी कंपनीचा माणूस सगळ्या पत्रिका न्यायला येणार होता. त्या मापाची मोठी पाकिटं मुंबईहून येईपर्यंत दोन दिवस मोडणार होते. भाऊंचा चेहरा लाल झाला.

“हे पाकीट ठरवताना कुणाला दाखवलं होतं?”

दीपालीने किंजलकडे पाहिलं. आता ही आपल्याकडे बोट करणार. तिने उत्तरही जुळवून ठेवलं होतं, मला आतल्या पानाचं कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून.

किंजल खाली बघत होती. “कुणालाच नाही,” ती म्हणाली. “माझं मीच ठरवलं.”

“दीपालीला एकदा दाखवायचं होतंस! तिच्या हातून असं कधीच गेलं नसतं.”

हेच वाक्य ऐकायला दीपाली महिनोन्‌महिने झुरत होती. आता ते आलं आणि तिला मान वर करता येईना.

“उद्यापासून येऊ नकोस,” भाऊ म्हणाले.

किंजलने पिशवी उचलली. येसूबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडली.  दीपाली चप्पलही नीट न घालता तिच्यामागे धावली. किंजल रिक्षात बसत होती.

“माझं नाव का नाही घेतलंस?”

“काय घेणार, ताई? मी कुठेही जाईन, शिकेन. भाऊंचा तुमच्यावर इतका विश्वास आहे. एका नजरचुकीसाठी तो का घालवायचा?” किंजलने डोळे पुसले आणि कसंनुसं हसली. “खरं सांगू? मला तुमचा फार हेवा वाटायचा. मी काहीही आणलं की भाऊ म्हणायचे, दीपालीला कागद नुसता हातात घेऊन कळतो, तुला कधी कळणार? रात्र रात्र राग यायचा तुमचा. म्हणून तर यावेळी हट्टाने हे काम मागून घेतलं. आज वाटलं, ताईंचंही चुकतं. इतकं बरं वाटलं.”

रिक्षावाल्याने विचारलं, “चलें क्या, मॅडम?”

दीपालीने आत वाकून किंजलच्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली.

“उतर. भाऊंकडे चल,” ती म्हणाली. “माझं चुकलं नव्हतं गं. मला कळलं होतं.”